विरामाचे शास्त्र : सविराम व्यायाम आणि हृदयाची कार्यक्षमता

लॅटिन भाषेतील 'इंतेर्व्हाल्लुम' हा शब्द मूळचा लष्करी छावणीतला. 'व्हाल्लुम' म्हणजे तटबंदी. दोन तटबंदींच्या मध्ये राहिलेली मोकळी जागा ती 'इंतेर्व्हाल्लुम'. पुढे स्थळवाचक शब्द कालवाचक झाला आणि कोणत्याही दोन क्रियांमधील रिकाम्या काळाला तो लावला जाऊ लागला. इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आलेला 'इंटरव्हल' हा शब्द नाट्यगृहात आणि चित्रपटगृहात याच अर्थाने रूढ आहे. खेळ थांबलेला असतो तो इंटरव्हल. आपण त्याला 'मध्यंतर' म्हणतो.

व्यायामशाळेत मात्र याच शब्दाने कोलांटी खाल्ली आहे. 'आठ इंटरव्हल पूर्ण करा' असे जेव्हा शिक्षक सांगतो, तेव्हा आठ वेळा विसावा घ्या असे त्याला अभिप्रेत नसते; आठ वेळा जीव तोडून धावा असे असते. ज्या शब्दाने मोकळी जागा दाखवावयाची त्याच शब्दाने आता तट दाखविला जातो. अर्थपरिवर्तनाची अशी उदाहरणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवीन नाहीत, आणि एवढ्यासाठीच लेख लिहिण्याचे प्रयोजनही नव्हते. परंतु या परिवर्तनाच्या मागे शरीरशास्त्रातील एक खरा वाद दडलेला आहे : हृदय बळकट होते ते श्रमाच्या काळात की विरामाच्या काळात? ज्यांनी ही व्यायामपद्धती प्रथम शास्त्राच्या चौकटीत बसविली, त्यांचे उत्तर 'विरामाच्या काळात' असे होते. आज बहुतेक अभ्यासक तसे मानीत नाहीत. शब्दाचा अर्थ पालटला तो या मतांतराबरोबरच, आणि मूळ मत विस्मृतीत गेल्यामुळे 'इंटरव्हल' या एकाच नावाखाली अगदी भिन्न स्वरूपाचे व्यायाम एकत्र ढकलले गेले. त्या गोंधळाचा परिणाम हृद्रोग्यांवरील अलीकडच्या प्रयोगांचा अर्थ लावतानाही जाणवतो.

या लेखात 'सविराम' व 'अखंड' असे दोन शब्द मी वापरले आहेत. थांबून थांबून केलेला तो सविराम व्यायाम, एकसारखा चालू ठेवलेला तो अखंड. 'हाय इन्टेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग', म्हणजे आद्याक्षरांनी होणारे 'हिट', या नावाने सध्या प्रसिद्ध असलेल्या प्रकाराला 'तीव्र सविराम व्यायाम' म्हटले आहे.

धावपटूंनी अंतराचे तुकडे पाडून सराव करण्याची चाल विसाव्या शतकाच्या आरंभीही होती. फिनलंडमध्ये लाउरी पिख्काला याने श्रम आणि विसावा यांची आलटूनपालटून योजना करावी असे प्रतिपादन केले होते. १९३० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर याने 'फार्टलेक' नावाची पद्धत रूढ केली. 'फार्ट' म्हणजे वेग आणि 'लेक' म्हणजे खेळ. रानावनातून धावताना मनास येईल तेव्हा वेग वाढवावा, मनास येईल तेव्हा उतरवावा, असे तिचे स्वरूप. या पद्धतीत घड्याळाला स्थान नव्हते, नाडीलाही नव्हते.

घड्याळ आणि नाडी आणली ती जर्मनांनी. वोल्डेमार गेर्शलर हा ड्रेस्डेनमध्ये धावपटूंना शिकवीत असे. त्याचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १५ जुलै १९३९ रोजी मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले. आधीचा जागतिक उच्चांक इंग्लंडच्या सिडनी वुडरसनचा, १ मिनिट ४८.४ सेकंद. मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत एका झटक्यात जवळजवळ दोन सेकंद कमी होणे ही त्या काळी थक्क करणारी गोष्ट होती, आणि बेल्जियमच्या रोझे मून्सने १९५५ साली तो उच्चांक मोडीपर्यंत सोळा वर्षे लोटली. हार्बिगला ते पाहावयास मिळाले नाही. १९४४ च्या मार्च महिन्यात तो पूर्व आघाडीवर मारला गेला.

गेर्शलरच्या पद्धतीला शरीरशास्त्राचे अधिष्ठान दिले फ्रायबुर्ग येथील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. राइंडेल यांनी. दोघांनी मिळून बसविलेला नियम असा. धावपटूने प्रथम अंग गरम करून नाडी मिनिटाला १२० पर्यंत आणावी. नंतर १००, १५० किंवा २०० मीटरचे अंतर अशा वेगाने धावावे की नाडी १८० च्या आसपास जाईल. मग थांबावे. नाडी पुन्हा १२० वर उतरावयास जास्तीत जास्त दीड मिनिट लागावे. त्याहून अधिक वेळ लागला तर धाव फार लांब किंवा फार वेगाची झाली असे समजून ती कमी करावी. त्याआधीच नाडी उतरली तर लगेच पुढची धाव सुरू करावी. कधी पुन्हा धावावयाचे हे शिक्षकाने न ठरविता धावपटूच्या हृदयानेच ठरवावयाचे, ही या नियमातील नवी गोष्ट.

नियमापेक्षा त्यामागील उपपत्ती अधिक लक्षणीय आहे. राइंडेल यांचे म्हणणे असे की, धाव थांबताच नाडीचा वेग झपाट्याने उतरू लागतो, पण स्नायूंकडून हृदयाकडे परत येणारा रक्ताचा ओघ तितक्या लवकर ओसरत नाही. ठोके कमी आणि येणारे रक्त पुष्कळ, अशी स्थिती काही क्षण राहते. साहजिकच प्रत्येक ठोक्याला हृदयात अधिक रक्त भरते आणि अधिक रक्त बाहेर फेकले जाते. या भरण्याच्या ताणाने जवनिका हळूहळू विस्तारते. म्हणजे हृदयाची वाढ होते ती विरामात. धाव हे केवळ तो विराम उत्पन्न करण्याचे साधन. जर्मन भाषेत या विरामाला 'लोनेंडे पाउझे', म्हणजे मोबदला देणारा विराम, असे नाव पडले. 'इंटरव्हल' हा शब्द येथे अगदी मूळ अर्थाने, दोन तटांमधील जागा या अर्थाने वापरलेला आहे, आणि पद्धतीचे नाव त्या जागेवरून पडले आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. राइंडेल, रोस्काम आणि गेर्शलर यांचा या विषयावरील ग्रंथ १९६२ साली निघाला. त्याच्या उपशीर्षकात शास्त्रीय पाया व प्रत्यक्ष उपयोग यांबरोबर संभाव्य अपायांचाही निर्देश आहे. आजच्या प्रचारकांत ही सावधगिरी क्वचितच दिसते.

'हृदयाची वाढ' ही गोष्ट चांगली की वाईट, हा प्रश्नही त्या काळी पुरता सुटलेला नव्हता. १८९९ साली स्वीडिश वैद्य हेन्शेन याने बर्फावरून घसरत जाणाऱ्या शर्यतपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजाच्या फरकावरून त्यांच्या हृदयाच्या सीमा आखल्या होत्या, आणि हे हृदय मोठे असले तरी रोगी नसून अधिक काम करणारे आहे असा निष्कर्ष काढला होता. तरीही खेळाडूचे मोठे हृदय म्हणजे झिजलेले हृदय ही धास्ती वैद्यवर्गात पुढे कित्येक दशके टिकून होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाचे घनफळ मोजून राइंडेल यांनी या धास्तीविरुद्ध जे काम केले, त्याचे मोल त्यांची विरामाची उपपत्ती टिकली नाही म्हणून कमी होत नाही. १९७५ साली मॉर्गनरॉथ व सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या परीक्षणाने दाखविले की, दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंत जवनिकेची पोकळी वाढते, तर कुस्तीगिरांत तिची भिंत जाड होते. हा भेद पुढील संशोधनाने इतका ठळक ठरविलेला नाही. पण वाढ आणि विकार यांत फरक आहे ही गोष्ट तेव्हापासून सर्वमान्य झाली.

प्रत्यक्ष मैदानात या पद्धतीचा बोलबाला झाला तो महायुद्धानंतर. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके एकाच सप्ताहात मिळविली. ४०० मीटरच्या वीस, आणि पुढे चाळीस व त्याहूनही अधिक धावा, मध्ये हळू पळत घेतलेला विसावा, असा त्याचा सराव. नाडी मोजण्याच्या फंदात तो पडला नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये १,५०० मीटरची शर्यत जिंकणारा लक्झेंबर्गचा योझी बार्थेल मात्र गेर्शलरच्या हाताखाली तयार झाला होता. ६ मे १९५४ रोजी मैलाचे अंतर प्रथमच चार मिनिटांच्या आत, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत, धावणारा रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. पाव मैलाच्या दहा धावा, प्रत्येकीमध्ये दोन मिनिटांचा विसावा, हा त्याच्या सरावाचा कणा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हृदयाच्या कार्यक्षमतेचे सर्वांत विश्वसनीय माप म्हणून जे मानले जाते ते प्राणवायू-ग्रहणाची कमाल मर्यादा. १९२३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल व लप्टन यांनी ही कल्पना मांडली. तिचे गणित मात्र १८७० साली अॅडॉल्फ फिक याने घालून दिलेल्या सूत्रात आहे. शरीराने घेतलेला प्राणवायू म्हणजे हृदयाने मिनिटात फेकलेले रक्त गुणिले त्या रक्तातून ऊतींनी काढून घेतलेला प्राणवायू. मिनिटाचे रक्त म्हणजे ठोक्यांची संख्या गुणिले दर ठोक्याचे रक्त. सरावाने कमाल ठोक्यांची संख्या वाढत नाही. किंचित कमीच होते. म्हणून हृदयाच्या बाजूने जी काही वाढ व्हावयाची ती दर ठोक्याच्या रक्तात झाली पाहिजे. सर्वसाधारण तरुणाचे हृदय कमाल श्रमाच्या वेळी ठोक्याला सुमारे १०० मिलिलिटर रक्त फेकते. जागतिक दर्जाच्या दीर्घपल्ल्याच्या खेळाडूत हा आकडा दुपटीच्या घरात जातो. राइंडेल यांचे लक्ष योग्य जागीच गेले होते. वाद एवढाच की, दर ठोक्याचे हे रक्त सर्वाधिक केव्हा असते.

१९६४ साली ऑस्ट्रांड, कडी, साल्टिन व स्टेनबर्ग यांनी केलेल्या मोजणीत आढळले की, उभ्याने श्रम करताना कमाल प्राणवायू-ग्रहणाच्या सुमारे ४० टक्क्यांवर पोहोचतानाच दर ठोक्याचे रक्त जवळजवळ उच्चतम पातळी गाठते आणि पुढे तेथेच राहते. उत्तम सराव असलेल्यांत ते आणखी वाढत जाते असे नंतरच्या काही संशोधकांना दिसले. कोणतेही मत घेतले तरी, हृदय पुरेपूर भरावे म्हणून धाव थांबविण्याची आवश्यकता राहत नाही. धावतानाही ते तसेच भरत असते, आणि तेही मिनिटाला कितीतरी अधिक वेळा. विरामाचा 'मोबदला' म्हणून जे सांगितले गेले, त्याची ही बाजू येथे ढासळली.

मग विराम कशासाठी? याचे उत्तर स्टॉकहोमहून चार वर्षे आधीच आले होते, आणि माझ्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत सुंदर प्रयोग तो हाच. १९६० साली इर्मा ऑस्ट्रांड, पेर-ओलोफ ऑस्ट्रांड, क्रिस्टेन्सेन व हेडमन यांनी एका व्यक्तीला स्थिर सायकलवर मिनिटाला २,१६० किलोग्रॅम-मीटर इतके अवघड काम दिले. अखंड केल्यास तो नऊ मिनिटांत गलितगात्र होत असे. मग तेच काम तुकड्यांनी दिले : जितका वेळ श्रम तितकाच विसावा, आणि एका तासात एकूण काम ६४,८०० किलोग्रॅम-मीटर. तीन मिनिटे श्रम व तीन मिनिटे विसावा अशी वाटणी केली तेव्हा काम पुरे झाले, पण जेमतेम. नाडी कमाल मर्यादेला टेकली आणि रक्तात दुग्धाम्ल भरपूर साचले. अर्धे मिनिट श्रम व अर्धे मिनिट विसावा अशी वाटणी केली तेव्हा तेच काम, तितक्याच तासात, त्याने फारसे न दमता केले आणि दुग्धाम्ल अगदी थोडे वाढले. एकूण काम तेच, कामाची तीव्रता तीच, विसाव्याचा एकूण वेळही तोच. फरक तुकड्याच्या लांबीचा. त्याच वर्षी क्रिस्टेन्सेन, हेडमन व साल्टिन यांनी धावण्यावर असाच प्रयोग केला. ताशी २० किलोमीटर वेगाने अखंड धावता चार मिनिटांत थकणारा मनुष्य, दहा सेकंद धाव व पाच सेकंद विसावा अशा क्रमाने, अर्ध्या तासात एकूण वीस मिनिटे त्याच वेगाने धावू शकला. छोट्या तुकड्यात स्नायूंतील मायोग्लोबिनला चिकटून असलेला प्राणवायू वापरला जातो आणि विसाव्यात तो पुन्हा भरला जातो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, विराम स्वतः हृदयाला घडवीत नाही. जो श्रम अखंड करता येणार नाही तो अधिक काळ करण्याची सोय तो करून देतो. दुसरी, 'सविराम' एवढे सांगून व्यायामाविषयी जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांचा सविराम व्यायाम हृदयाला सुखाचा, तीन मिनिटांच्या तुकड्यांचा तोच व्यायाम हृदयाची कसोटी पाहणारा. मराठीतील 'दम' हा शब्द येथे आठवतो. दम लागतो तोही दम, दम घेतो तोही दम, आणि अंगात दम असतो तोही दम. पण क्रियापद बरोबर असल्यामुळे आपला कधी घोटाळा होत नाही. 'इंटरव्हल' या संज्ञेला अशा क्रियापदाचा आधार नाही. तिच्यापुढे सेकंद आणि मिनिटे लिहिली नाहीत तर ती पोकळ राहते.

पुढील प्रयोगांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. १९९६ साली जपानमधील इझुमी ताबाता यांनी, बर्फावरील शर्यतपटूंचे शिक्षक इरिसावा यांची पद्धत तपासली. कमाल प्राणवायू-ग्रहणाला लागणाऱ्या श्रमाच्या १७० टक्के तीव्रतेने वीस सेकंद, मग दहा सेकंद विसावा, अशी सात-आठ आवर्तने. सहा आठवड्यांत प्राणवायू-ग्रहण किलोग्रॅममागे मिनिटाला ७ मिलिलिटरने वाढले. रोज एक तास मध्यम व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ते ५ ने वाढले, पण प्राणवायूविना श्रम करण्याची शक्ती, जी पहिल्या गटात २८ टक्क्यांनी वाढली, ती या गटात वाढली नाही. 'चार मिनिटांत तासाचे काम' अशी जाहिरात या प्रयोगावरून पुढे जगभर झाली. पहिला गटही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास अखंड व्यायाम करीत होता, ही गोष्ट जाहिरातीत सोयिस्करपणे गळाली.

नॉर्वेतील त्रोन्हेम येथे २००७ साली हेल्गेरुड व सहकाऱ्यांनी एकूण काम समान ठेवून चार पद्धतींची तुलना केली. कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटांची चार आवर्तने, मध्ये तीन मिनिटे हलका श्रम, या पद्धतीने आठ आठवड्यांत कमाल प्राणवायू-ग्रहण ७.२ टक्क्यांनी, आणि पंधरा सेकंदांच्या तुकड्यांनी ५.५ टक्क्यांनी वाढले. दोहोंत दर ठोक्याचे रक्त सुमारे दहा टक्के वाढले. मंद व मध्यम गतीच्या अखंड धावण्याने लक्षणीय फरक पडला नाही. निरोगी तरुणांच्या बाबतीत तीव्रतेचे महत्त्व येथे स्पष्ट दिसते.

रोग्यांची गोष्ट निराळी. जेव्हा हार्बिग धावत होता, तेव्हा हृदयाघात झालेल्या मनुष्याला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याची प्रथा होती. १९५२ साली अमेरिकेत लेव्हाइन व लाउन यांनी अशा रोग्यांना खुर्चीत बसविण्यास सुरुवात केली, आणि तेवढेही तेव्हा धाडसाचे वाटले. अखंड विश्रांतीची किंमत किती असते हे पुढे डॅलस येथील प्रयोगाने आकड्यांत मांडले. १९६६ साली पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले असता त्यांचे कमाल प्राणवायू-ग्रहण सुमारे चतुर्थांशाने घटले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने जी घट झाली होती ती त्या वीस दिवसांतील घटीपेक्षा कमी भरली.

या पार्श्वभूमीवर २००७ साली त्रोन्हेमच्याच विस्लॉफ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी खळबळ उडविली. हृदयाघातानंतर हृदय दुर्बल झालेले, सरासरी ७५ वर्षे वयाचे २७ रुग्ण त्यांनी तीन गटांत विभागले. बारा आठवड्यांनी तीव्र सविराम व्यायाम करणाऱ्यांचे प्राणवायू-ग्रहण ४६ टक्क्यांनी वाढले, मध्यम अखंड व्यायाम करणाऱ्यांचे १४ टक्क्यांनी. त्याहून विशेष म्हणजे पहिल्या गटात विस्तारलेली डावी जवनिका आकसली आणि तिची रक्त बाहेर टाकण्याची शक्ती वाढली. निरोगी माणसाचे हृदय ज्या व्यायामाने मोठे होते, त्याच व्यायामाने रोगाने फुगलेले हृदय लहान होते, असा हा चमत्कारिक निष्कर्ष. पण गटागटात माणसे होती जेमतेम नऊ.

हा निष्कर्ष पडताळण्यासाठी युरोपातील नऊ केंद्रांनी मिळून २६१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीव्र सविराम आणि मध्यम अखंड यांत ना जवनिकेच्या आकारात फरक आढळला, ना प्राणवायू-ग्रहणात. बेल्जियममधील हृद्रोहिणीच्या २०० रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीतही दोन्ही पद्धतींनी प्राणवायू-ग्रहण सारखेच, म्हणजे वीस टक्क्यांहून थोडे अधिक, वाढले होते. तेवढ्यावरून तीव्रतेचा पक्ष हरला असे अनेकांनी लिहिले. परंतु नऊ केंद्रांच्या चाचणीतील एक तपशील मला निर्णायक वाटतो. तीव्र गटातील ५१ टक्के रुग्णांनी ठरवून दिलेल्यापेक्षा कमी तीव्रतेने व्यायाम केला, आणि मध्यम गटातील ८० टक्के रुग्णांनी ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक तीव्रतेने. कागदावर दोन नावे होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांच्या नाड्या एकमेकींच्या जवळ सरकल्या होत्या. गेर्शलरच्या हातात नाडी होती, म्हणून त्याच्या शिष्याचा श्रम नावाप्रमाणे होत असे. येथे नाव पाळले गेले आणि नाडी निसटली. तेव्हा या चाचणीने तीव्र श्रमाची निष्फळता सिद्ध होत नाही. दुर्बल हृदयाच्या माणसांकडून तो श्रम नेमका करवून घेणे किती कठीण आहे, हे मात्र सिद्ध होते. वैद्यकीय सल्ल्याच्या दृष्टीने ही दुसरी गोष्टही थोडी नव्हे.

धोक्याचाही हिशोब झालेला आहे. नॉर्वेमधील तीन पुनर्वसन केंद्रांतील ४,८४६ हृद्रोग्यांची नोंद २०१२ साली रोग्नमो व सहकाऱ्यांनी दिली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडण्याची एक घटना घडली व ती प्राणघातक ठरली. तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोन घडल्या, आणि दोन्ही रुग्ण वाचले. एकूण तीनच घटना असल्यामुळे त्यांवरून प्रमाण काढणे धाडसाचे आहे. शिवाय या सर्वांचा व्यायाम जाणत्यांच्या देखरेखीखाली झाला होता.

आयुर्मान वाढते का, या प्रश्नावर त्रोन्हेममध्ये ७० ते ७७ वर्षे वयाच्या १,५६७ स्त्रीपुरुषांना पाच वर्षे तीन गटांत ठेवण्यात आले. निष्कर्ष २०२० साली निघाले. तीव्र सविराम गटात ३ टक्के, मध्यम गटात ५.९ टक्के आणि केवळ शासकीय सल्ला दिलेल्या गटात ४.७ टक्के माणसे या काळात मरण पावली. तीव्र गट व सल्ला-गट यांतील हे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. सल्ला-गटातील वृद्धही त्या काळात स्वस्थ बसून नव्हते. आपल्या मर्जीने, आपल्या वेगाने, मधूनमधून थांबत ते व्यायाम करीतच होते.